पेट्रोल पंपावरचा मेस्त्री

ज्यांना हेडफोन विसरल्यामुळे किंवा ट्रेनमधल्या गर्दीमुळे हा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'अं... म्हणजे...' थोडे कमी केलेत.

आज सुरुवात एका सोप्या प्रश्नाने. घरात फरशी बसवायची असली की आपण कोणाला बोलावतो? मेस्त्रीला. गॅरेजमध्ये गाडीचा आवाज कान लावून ऐकतो आणि बरोबर दुखणं ओळखतो तो कोण? तोही मेस्त्री. आता हा शब्द आला कुठून? तर पोर्तुगीजमधून. मूळ शब्द 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद, ज्याच्या हातात विद्या आहे असा माणूस. पोर्तुगीज गोव्यात आले, वसईला आले आणि हा शब्द आपल्याकडे राहिला. तेच पोर्तुगीज समुद्राच्या दुसऱ्या टोकाला ब्राझीलमध्येही होते. आणि गंमत बघा, ब्राझीलमधली माणसं हा शब्द जवळजवळ आपल्यासारखाच उच्चारतात. मेस्त्री!

ब्राझीलमध्ये कापोएरा शिकवणाऱ्या गुरूला मेस्त्री म्हणतात. आजची गोष्ट अशाच एका मेस्त्रीची आहे. त्यांचं नाव मेस्त्री झुआंव ग्रांजी. 'ग्रांजी' म्हणजे मोठा, थोरला. कागदोपत्री नाव झुआंव ऑलिव्हेरा दोस सांतोस.

आधी हे सांगतो की मी यांच्यापर्यंत पोहोचलो कसा. दोन वर्षांपूर्वी एका मित्राने मला रविवारी सकाळी जुहूच्या वाळूत ओढत नेलं. तिथे दहा-पंधरा पोरं कापोएरा करत होती. मी मनात म्हटलं, आपण शाळेत सहा वर्षं मल्लखांब केलाय, हे काय अवघड आहे! शिकवणाऱ्या दादाने मला तासभर एकच गोष्ट करायला लावली. जिंगा. एक पाय मागे, मग दुसरा मागे, हात तोंडासमोर, शरीर सतत डुलतं ठेवायचं. झोके घेतल्यासारखं. तासाभराने माझ्या मांड्या भरून आल्या. मी विचारलं, "दादा, पुढचं कधी?" तो हसला आणि म्हणाला, "झुआंव ग्रांजी बघ. साठीतला माणूस जिंगा करतो, ते बघ आणि मग विचार."

घरी जाऊन बघितलं. मग वाचत गेलो, ऐकत गेलो. आणि एका ठिकाणी अडकलो. पेट्रोल पंपावर. ते पुढे येईलच.

आधी दोन मिनिटं कापोएराबद्दल. व्हिडिओत तुम्ही पाहिलं असेल. दोन माणसं गोलात उतरतात, हातावर उलटी होतात, पाय हवेतून फिरवतात, आणि बाकीचे गाणी म्हणत टाळ्या वाजवतात. नाच म्हणावा तर लाथा चालल्यात. मारामारी म्हणावी तर कोणाला लागत नाहीये. आफ्रिकेतून जहाजात कोंबून ब्राझीलला आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या लेकरांनी घडवलेली ही विद्या. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ मध्ये. आणि लगेच दोन वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेत, रस्त्यावर कापोएरा करणं हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. म्हणजे साखळी काढली आणि त्याच माणसांच्या खेळावर पोलीस बसवला. आणि २०१४ मध्ये युनेस्कोने याच कापोएराच्या गोलाला, 'रोदा'ला, मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. लिहितात 'रोदा', म्हणतात 'होदा'.

तुरुंगापासून युनेस्कोपर्यंतचा हा रस्ता माणसांनी पायी कापलाय. आपले मेस्त्री त्यातलेच एक.

झुआंवचा जन्म १९३३ चा. गाव इताजी, बाईया राज्याच्या दक्षिणेला. लहानपण शेतात राबण्यात गेलं. दहा वर्षांचा असताना एकदा त्याने कोणाला तरी एक उडी मारताना पाहिलं. खाली उकिडवं बसायचं, एक पाय लांब करून जमिनीलगत गोल फिरवायचा, आणि तो पाय आला की दुसऱ्या पायाने त्यावरून टुणकन उडी घ्यायची. तिला म्हणतात 'कोर्ता कापिम', म्हणजे गवत कापणं. विळा फिरावा तसा पाय फिरतो, म्हणून. पोराने विचारलं, हे काय आहे? उत्तर मिळालं, हा नागोंचा नाच. नागो म्हणजे आफ्रिकेतले योरुबा लोक, त्यांना ब्राझीलमध्ये हे नाव आहे.

बस, एवढंच उत्तर. आणि त्या उत्तरावर हा दहा वर्षांचा पोरगा घर सोडून निघाला. तो नाच शोधायला! गावोगाव फिरत, मिळेल ते काम करत. समुद्रकाठच्या साल्वादोर शहरात तो पोहोचला तेव्हा वीस वर्षांचा झाला होता. तिथे एका टेकाडावर त्याला रोदा दिसला, आणि कळलं की आपण जे शोधतोय त्याला कापोएरा म्हणतात. आपल्याला आज रील बघून पंधरा सेकंदांत जे नाव कळतं, ते कळायला या माणसाला दहा वर्षं लागली.

त्या रोदात त्याला दुसरा एक झुआंव भेटला. वयाने मोठा, पण अंगाने लहान. बांधकामावर मजुरी करणारा. पुढे एकाला ओळखू लागले झुआंव ग्रांजी, थोरला, आणि दुसऱ्याला झुआंव पेकेनो, धाकटा. या पेकेनोने त्याला सांगितलं, शिकायचंय ना, मग मेस्त्री पास्तीन्यांकडे जा.

आता पास्तीन्या कोण? व्हिसेंते फेरेरा पास्तीन्या, जन्म १८८९, याच साल्वादोरचे. त्यांची गोष्ट अशी सांगतात की लहानपणी गल्लीतला एक मोठा पोरगा त्यांना रोज बडवायचा. एक म्हातारा आफ्रिकन माणूस, बेनेदितो, खिडकीतून ते बघायचा. शेवटी त्याने हाक मारली, इकडे ये, रडण्यात घालवतोस तो वेळ माझ्याकडे घालव. तिथून पास्तीन्या कापोएरा शिकले. त्या काळी मेस्त्री बिंबा नावाचे दुसरे मोठे गुरू कापोएराला नवीन, जलद, आक्रमक रूप देत होते. पास्तीन्यांनी जुनी चाल धरून ठेवली. जमिनीलगत, सावकाश, डावपेचांची. तिला कापोएरा अँगोला म्हणतात. त्यांची शाळा होती पेलोरीन्योमध्ये, साल्वादोरच्या जुन्या चौकात. पेलोरीन्यो या शब्दाचा अर्थच फटके मारण्याचा खांब. जिथे गुलामांना बांधून फोडून काढायचे, तिथे त्यांची नातवंडं-पतवंडं हातावर उलटी होऊन खेळत होती. जरा डोळ्यांसमोर आणा.

झुआंव ग्रांजी पास्तीन्यांचा झाला तो कायमचा. १९६६ मध्ये सेनेगलमधल्या डकारला कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. ब्राझीलने पास्तीन्या आणि त्यांच्या शिष्यांना पाठवलं. झुआंव ग्रांजी त्यात होते. गुलामांची जहाजं ज्या किनाऱ्यांवरून सुटली, त्या आफ्रिकेच्या मातीवर ती विद्या घेऊन माणसं परत आली. पास्तीन्या तेव्हा सत्त्याहत्तरचे, डोळ्यांना जवळजवळ दिसेनासं झालेलं. १९६८ मध्ये झुआंवना गुरूंकडून मेस्त्रीपदाचा कागद मिळाला.

इथे गोष्ट छान संपायला हवी होती ना? नाही संपली.

१९७१ मध्ये पेलोरीन्योचं नूतनीकरण निघालं. पास्तीन्यांना सांगितलं, जागा रिकामी करा, दुरुस्ती झाली की परत या. ती जागा त्यांना कधीच परत मिळाली नाही. पुढे तिथे रेस्टॉरंट झालं. पास्तीन्या पूर्ण आंधळे झाले. बायको रस्त्यावर आकाराजे विकून, म्हणजे चवळीचे तळलेले वडे विकून, घर चालवायची. १३ नोव्हेंबर १९८१ ला ब्याण्णव वर्षांचे पास्तीन्या गेले, निराधारांच्या आश्रमात राहून, खिशात दमडी नसताना. देशाने ज्यांना आफ्रिकेत मिरवलं ते पास्तीन्या.

आणि शिष्य? झुआंव ग्रांजींनी या काळात एका लोककला मंडळीबरोबर युरोप, मध्यपूर्व असे दौरे केले. मग दौरे संपले. घर चालवायचं होतं. ते साल्वादोरमध्ये पेट्रोल पंपावर कामाला लागले. रात्री कधी पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमात नाचायचे. शिकवणं बंद.

मी अडकलो तो इथे. कारण मला माझे सर आठवले.

मल्लखांबाचे सर. आमच्या गावच्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं त्यांनी मला खांबावर चढवलं. मी पहिल्यांदा पडलो तेव्हा खांदा निखळला, सरांनीच सायकलवर डबलसीट हाडवैद्याकडे नेलं. बारावीनंतर मी मुंबईला आलो आणि जाताना सरांना भेटलोही नाही. मग ऐकलं की शेड पाडली, तिथे पार्किंग झालं, आणि सर शाळेची व्हॅन चालवतात. तीन वर्षांपूर्वी गणपतीत घरी गेलो होतो. एसटी स्टँडसमोर सर व्हॅनला टेकून उभे होते. त्यांनी मला बघितलं की नाही, माहीत नाही. मी मात्र बघितलं, आणि मोबाइल कानाला लावून रस्ता ओलांडला. फोन कोणाचाही नव्हता.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता तुम्ही सगळे आहात म्हणून सांगतोय.

तर पंपाकडे परत येऊ. पास्तीन्यांच्या शाळेतून शिकलेला एक माणूस होता, मोराएस. तो नोकरीनिमित्त रिओ दे जानेरोला होता, तिथे शिकवायला लागला आणि १९८० मध्ये त्याने कापोएरा अँगोलासाठी एक संस्था उभी केली. त्याचा एक तरुण शिष्य होता कोब्रा मांसा, म्हणजे 'गरीब साप', चावत नाही असा. मोराएस १९८२ मध्ये साल्वादोरला परतला. त्याने बघितलं की ज्यांच्याकडून शिकायचं ते मेस्त्रीच विखुरलेत. त्याच वर्षी झुआंव पेकेनोंनी एका जुन्या किल्ल्यात गुरूंची शाळा पुन्हा सुरू केली होती. पण ग्रांजी? ते पंपावर.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मोराएस आणि कोब्रा मांसा या दोघांनी मेस्त्रींना गळ घातली. परत या, शिकवा. आणि ते आले.

हे वाक्य तीन शब्दांचं आहे, पण त्याचं वजन बघा. पन्नाशीतला माणूस. डोळ्यांसमोर गुरूचं जे झालं ते पाहिलेला. त्याला या विद्येने काय दिलं होतं? तरी तो आला. कारण कोणीतरी बोलवायला गेलं.

कापोएरा अँगोलामध्ये एक प्रकार आहे, 'शामादा'. शामादा म्हणजे हाक. खेळ ऐन रंगात असताना एक जण थांबतो, हात पसरतो आणि समोरच्याला जवळ बोलावतो. समोरच्याने जायचंच. पण सावधपणे जायचं, कारण हाक मारणारा जवळ आल्यावर डोकंही मारू शकतो, पायात पायही घालू शकतो. मग दोघं हाताला हात लावून चार पावलं पुढे, चार मागे चालतात, आणि खेळ पुन्हा सुरू होतो. नवख्याला वाटतं, हे काय मध्येच! खरं तर तिथेच कळतं की तुमचं लक्ष कुठे आहे. पंपावरची ती हाक मला शामादासारखीच वाटते. जाणाऱ्याने विश्वास ठेवायचा आणि डोळेही उघडे ठेवायचे.

पुढे १९८९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याचं बोलावणं आलं. बोलावणारे झेलॉन व्हिएरा, १९७५ पासून न्यूयॉर्कमध्ये कापोएरा रुजवणारे बाईयाचेच मेस्त्री. १९९० मध्ये झुआंव ग्रांजी पुन्हा अमेरिकेला गेले, आणि न्यूयॉर्कमध्येच राहिले. वय सत्तावन्न. या वयात आपल्याकडे माणूस रिटायरमेंटचे दिवस मोजतो. त्यांनी मॅनहॅटनच्या पश्चिम १४ व्या रस्त्यावर, दुकानांच्या गर्दीत, कापोएरा अँगोलाची शाळा काढली.

आता विचार करा. बाईयाच्या उन्हातला माणूस, बर्फाचं शहर. इंग्रजी जवळजवळ नाही. शिकवणार कसं? शरीराने. करून दाखवायचं, पुन्हा करून दाखवायचं. शब्द पोर्तुगीज, गाणी पोर्तुगीज. न्यूयॉर्कमधल्या पोरांना ती भाषा शिकावी लागली, कारण गाता येत नसेल तर रोदात तुम्ही अर्धेच.

हे मला फार आवडलं. तिथे लाथ मारणं हा शिक्षणाचा एक तुकडा. बाकी वाद्यं आहेत. तीन बेरिंबाऊ, डफासारखं पांदेरो, दुहेरी घंटा, ढोल. बेरिंबाऊ म्हणजे धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिला तार, आणि खाली पोकळ भोपळा. ती तार कुठून येते माहितीये? गाडीच्या जुन्या टायरमधून सोलून काढतात. पंप काय, टायर काय, या माणसाचा पाठलाग काही सुटत नाही! सगळ्यात जाड आवाजाच्या बेरिंबाऊला 'गुंगा' म्हणतात. तो वाजवणाऱ्याच्या हातात रोदा असतो. त्याने लय बदलली की खेळ बदलायचा, त्याने थांबवलं की थांबायचं. तुम्ही कितीही जोरात असा.

आणि खेळायला उतरण्याआधी त्या बेरिंबाऊच्या पायाशी दोघांनी उकिडवं बसायचं. गाणं ऐकायचं. ऐकून झालं की मग हातांवर भार टाकून आत शिरायचं. म्हणजे आपण स्क्रीनवर जो भाग 'स्किप' करतो, तो तिथे खेळाचा पहिला धडा आहे.

त्यांच्या तासांचे व्हिडिओ बघाल तर एक गोष्ट लक्षात येईल. लांब हातपायांचा हा माणूस जमिनीलगत जातो तेव्हा मांजर जिना उतरतं तसा उतरतो. प्राणी, पक्षी, मासे, वारा, समुद्र, यांच्याकडे बघून हालचाल शिकायची, असं ते शिकवत आले. लाथ सुटते आणि समोरच्याच्या गालापाशी थांबते. मारता आलं असतं हे त्यालाही कळतं, ह्यालाही कळतं. तेवढं पुरे. मग समोरचा हसतो, आणि खेळ चालू.

खेळात काही बिनसलं, दम लागला, की अजून एक सोय आहे. 'व्होल्ता आओ मुंदो', जगाची फेरी. दोघांनी खेळ थांबवून गोलाच्या कडेने चालायचं, फेरी मारून पुन्हा बेरिंबाऊपाशी यायचं आणि नव्याने सुरुवात करायची. मेस्त्रींनी ही फेरी खरीखुरी मारली. इताजी, साल्वादोर, डकार, युरोप, पंप, न्यूयॉर्क.

१९९५ मध्ये न्यू जर्सीतल्या उप्साला कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. २००१ मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, तिथल्या लोककलांमधला सर्वांत मोठा राष्ट्रीय सन्मान. पेट्रोल भरणारा माणूस डॉक्टर झाला, अशी हेडलाइन करता येईल. मला ती करावीशी वाटत नाही. कारण पंपावर उभे होते तेव्हाही त्यांना तेवढंच येत होतं. तिथे गाडी थांबवून पेट्रोल भरून गेलेल्या कितीतरी लोकांना माहीत नव्हतं की नळी धरलेला हात कोणाचा आहे. आणि ज्यांना माहीत होतं, त्यांच्यातले दोघं गेले.

एक खुपणारी गोष्ट सांगतो आणि संपवतो. आपल्या लोकांना आपलं मोल कळायला परदेशात जावं लागतं, असं आपण लगेच म्हणतो. इथे ते अर्धंच लागू होतं. न्यूयॉर्कने सन्मान दिला, खरंय. पण न्यूयॉर्कच्या आधी साल्वादोरमध्येच दोन पोरांनी हाक मारली होती. ती मारली नसती तर न्यूयॉर्कला बोलावणार कोणाला? पास्तीन्यांच्या वेळी असं कोणी वेळेत पोहोचलं नाही. किंवा पोहोचले त्यांचे हात पुरे पडले नाहीत. मेस्त्री शोधायला एक पोरगा दहा वर्षं चालला, हे आपल्याला भारी वाटतं. मेस्त्री सापडल्यानंतर त्याला हरवू न देणं, हे काम त्याहून लांबलचक आणि कंटाळवाणं आहे. त्यावर कोणी सिनेमा काढत नाही.

पोर्तुगीजमध्ये फोन कॉललाही शामादा म्हणतात. हा भाग रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री मी सरांना फोन लावला. नंबर आईकडून घेतला. चार वेळा रिंग झाली. मी नाव सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं, ठेवणार आता.

सर म्हणाले, "खांदा कसाय?"

मी म्हटलं, "सर, बराय. सर, मी त्या दिवशी स्टँडवर..."

"पाहिलं होतं मी," ते म्हणाले. "रविवारी येतोस का गावाकडं? खांब माझ्या परसात आणून रोवलाय. शेजारची दोन पोरं येतात. येताना एरंडेल आण चांगलं. लाकूड पार कोरडं पडलंय."

तर मंडळी, या रविवारी मी जुहूला नाहीये.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा नंबर असेल. तबल्याच्या सरांचा, कराटेच्या ताईंचा, गणिताच्या बाईंचा. नसेल तर आईला विचारा, आयांकडे सगळ्यांचे नंबर असतात. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि जिंगा करत राहा, मांड्या भरून आल्या तरी!